एरिचे एका दिवसात: सिसिलीतल्या डोंगरगावाची सविस्तर आखणी

इटलीतल्या सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला त्रापानी नावाचं बंदर आहे आणि त्याच्या अगदी डोक्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, एरिचे. गाव एवढंसं की नेटाने चाललात तर तासाभरात सगळी फेरी होते. तरीही इथे येऊन दिवस वाया घालवणाऱ्यांची कमी नाही. वर काय बघायचं याची यादी हातात असते, पण वारा सुटला तर खाली कसं यायचं आणि ढग बसला तर काय करायचं, याचा विचार वर पोचेपर्यंत कुणी केलेला नसतो. म्हणून या लेखात प्रेक्षणीय स्थळांच्या आधी हवा आणि वाहनं आहेत.

दिवस कसा निवडायचा

एरिचेचा डोंगर एकटा उभा आहे. त्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला समुद्र आहे, मागे सपाट शेतजमीन. समुद्रावरची दमट हवा या डोंगरावर आपटते, वर चढताना थंड होते आणि माथ्यावर तिचा ढग होतो. त्रापानीत लख्ख ऊन आणि एरिचेत दहा फुटांवरचं दिसत नाही, हा प्रकार वर्षभर कधीही होऊ शकतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात जसं धुकं अंगावर येतं तसंच, फक्त इथे मे महिन्यातही येतं. स्थानिक लोक या धुक्याला ‘व्हीनसची चुंबनं’ म्हणतात; व्हीनस म्हणजे रोमनांची प्रेमदेवता. नाव गोड असलं तरी ज्याला समुद्र आणि बेटं बघायची आहेत त्याचा दिवस त्यात जातोच.

त्यामुळे त्रापानीच्या परिसरात दोन-तीन दिवस राहणार असाल तर एरिचेचा दिवस आधीपासून पक्का करू नका. रोज सकाळी उठून डोंगराकडे बघा. माथा स्पष्ट दिसत असेल तर बाकीचे बेत बाजूला ठेवून त्याच दिवशी वर जा. माथ्यावर पांढरी टोपी असेल तर त्या दिवशी मिठागरं किंवा फाविन्याना बेट उरका. हवामानाच्या ॲपमध्ये ‘त्रापानी’ टाकून आलेला अंदाज डोंगरमाथ्याला लागू पडत नाही. ‘एरिचे’ टाकून ढग आणि वारा हे दोन आकडे बघा. पाऊस शून्य टक्के दाखवतोय म्हणून खूश होऊ नका, ढग पावसाशिवायही बसतो.

महिन्यांचं म्हणाल तर एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरअखेर हे दिवस सगळ्यात चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये खाली अंगाची लाही होत असताना वर पाच-सात अंशांनी कमी असतं, त्यामुळे अख्खं त्रापानी संध्याकाळी वर येतं. १५ ऑगस्ट हा इटलीत मोठा सुट्टीचा दिवस, त्याच्या आगेमागे गर्दी विचारू नका. हिवाळ्यात गाव रिकामं असतं. ते ज्यांना आवडतं त्यांनी जरूर जावं, पण तेव्हा केबल कार वार्षिक देखभालीसाठी काही आठवडे बंद असते, किल्ला बऱ्याचदा फक्त शनिवार-रविवारी उघडतो आणि निम्म्या दुकानांची शटरं खाली असतात, हे धरून चला.

वारांमध्ये सोमवार टाळा. केबल कारची साप्ताहिक देखभाल सहसा सोमवारी सकाळी असते आणि डबे दुपारी सुरू होतात. गुड फ्रायडेला खाली त्रापानीत ‘मिस्तेरी’ची, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या प्रसंगांच्या मूर्तींची, मिरवणूक निघते. दुपारी सुरू झालेली ही मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. ती बघण्यासारखी आहे, पण त्या दोन दिवसांत शहरातून बस वा टॅक्सीने कुठे वेळेवर पोचायची आशा धरू नका.

हॉटेल घेताना होणारा घोटाळा

एरिचे या नावाची नगरपालिका बरीच मोठी आहे. तिची बहुतेक वस्ती डोंगरावर नसून खाली, त्रापानीला चिकटलेल्या कासा सान्ता या भागात आहे. काही भाग समुद्रकिनाऱ्यावर पित्सोलुंगोतही आहे. डोंगरावरच्या जुन्या गावात बारमाही राहणारे फार तर काहीशे लोक. बुकिंगच्या साइटवर ‘एरिचे’ शोधलं की कासा सान्तामधला एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट समोर येतो, फोटोत मात्र किल्ला असतो. पैसे भरण्याआधी नकाशा उघडा. डोंगरमाथ्यावरच्या त्रिकोणी गावात खूण दिसली तरच ते वरचं घर. पत्त्यात किंवा बसच्या पाटीवर ‘एरिचे वेत्ता’ लिहिलेलं असेल तर ते माथ्यावरचं गाव.

एक दिवसाच्या सहलीसाठी वर राहायची गरज नाही. त्रापानीच्या जुन्या भागात मुक्काम ठेवला तर रात्रीचं जेवण, बस आणि बोट सगळं हाताशी येतं. जुन्या नकाशात किंवा जुन्या पुस्तकात एरिचे सापडलं नाही तर ‘मोन्ते सान जुलियानो’ शोधा. १९३४ पर्यंत गावाचं अधिकृत नाव तेच होतं.

त्रापानीपर्यंत पोचणं

सिसिलीची राजधानी पालेर्मो, तिथून येणार असाल तर रेल्वेच्या भानगडीत पडण्याआधी वेळापत्रक नीट बघा. आल्कामोहून मिलोमार्गे त्रापानीला येणारा जवळचा लोहमार्ग जमीन खचल्यामुळे २०१३ मध्ये बंद झाला. तेव्हापासून गाड्या कास्तेल्वेत्रानोवरून मोठा वळसा घालून येऊ लागल्या आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतराला चार-चार तास लागू लागले. तिकिटाच्या ॲपवर प्रवासाचा वेळ अडीच तासांपेक्षा जास्त दिसला तर समजा गाडी वळशाची आहे आणि सरळ बस पकडा. पालेर्मोच्या मध्यवर्ती रेल्वे स्टेशनाजवळून बस सुटतात आणि दोन तासांत त्रापानीच्या बंदराशी आणून सोडतात. पालेर्मोचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला, म्हणजे त्रापानीच्याच बाजूला आहे. तिथूनही थेट बस आहेत, त्यामुळे विमानातून उतरून उगाच पालेर्मो शहरात जाऊ नका.

युरोपात नोकरी-शिक्षणासाठी राहणारी आपली बरीच मंडळी शनिवार-रविवार जोडून स्वस्त विमानाने थेट त्रापानीच्या बिर्जी विमानतळावर उतरतात. तो शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर आहे. विमान रात्री उशिरा उतरत असेल तर शेवटची बस आधी बघून ठेवा, नाहीतर टॅक्सीचं भाडं विमानाच्या तिकिटाला मागे टाकतं.

स्वतः गाडी चालवणार असाल तर पालेर्मोहून ए-२९ हा महामार्ग आहे. त्यावर टोल नाही आणि सव्वा ते दीड तास लागतो. भारतीय लायसन्सवर चालवायचं तर आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो भारतातल्या आरटीओतून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. भाड्याची गाडी देणारे कधी तो मागत नाहीत, पण रस्त्यात पोलीस मागतात.

त्रापानीहून वर: पर्याय आणि त्यांचे स्वभाव

पहिला पर्याय केबल कार, म्हणजे तिथल्या भाषेत ‘फुनिव्हिया’. २००५ मध्ये सुरू झालेली ही लाइन सुमारे तीन किलोमीटरची असून दहा-बारा मिनिटांत वर नेते. खालचं स्टेशन कासा सान्तामध्ये आहे, त्रापानीच्या जुन्या शहरापासून तीन-चार किलोमीटर. चालत जाता येतं, पण रस्ता नुसता इमारतींचा आणि उन्हाचा आहे; त्यापेक्षा शहर बस घ्या. बसचं तिकीट आधी ‘ताबाक्की’त, म्हणजे पांढऱ्या ‘टी’ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात घ्यायचं आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात छापून घ्यायचं. तिकीट खिशात असूनही छापलेलं नसेल तर दंड होतो. रविवारी बस कमी असतात आणि दुकानंही बंद असतात, म्हणून रविवारचं तिकीट शनिवारीच घेऊन ठेवा, परतीच्या तिकिटासकट.

केबल कारचं जाऊन-येऊन तिकीट दहा युरोच्या आसपास. छोट्या बंद डब्यांतून बसायचं असतं आणि डबे सतत येत राहतात, त्यामुळे विशिष्ट वेळेचं आरक्षण लागत नाही. वर जाताना डोंगराकडे तोंड करून बसणाऱ्यांना फक्त झुडपं दिसतात. चढताच उलट्या बाजूची, दरीकडे तोंड असलेली जागा धरा: डबा वर जाईल तसं आधी त्रापानीचं समुद्रात घुसलेलं टोक, मग मिठागरांचे चौकोन, मग बेटं अशी एकेक गोष्ट उघडत जाते. उंचीची भीती असेल तर नेमकं उलट करा.

दुबळी बाजू एकच: वारा. जोराचा वारा असला की केबल कार थांबवतात, आणि त्रापानीत वाऱ्याला तोटा नाही. सकाळी चालू असलेली दुपारी बंद होऊ शकते. निघायच्या दिवशी सकाळी त्यांच्या वेबसाइटवर किंवा सोशल मीडियाच्या पानावर सूचना बघा. वर पोचल्यावर तिकीट-खिडकीवर दोन गोष्टी विचारा: आज शेवटचा डबा किती वाजता आणि दुपारनंतर वाऱ्याचा अंदाज काय. ऐन उन्हाळ्यात आणि शनिवार-रविवारी ती उशिरापर्यंत चालते, एरवी लवकर आटोपते. इंटरनेटवर मिळणारी जुनी वेळापत्रकं धरून चालू नका, मोसमानुसार ती बदलतात.

दुसरा पर्याय बस. त्रापानीहून एरिचे वेत्ताला जाणारी सार्वजनिक बस व्हाल्देरिचे गावावरून वळणं घेत पाऊण तासात वर पोचवते. ती स्वस्त आहे आणि वाऱ्याला भीत नाही, पण फेऱ्या मोजक्या आणि सुट्टीच्या दिवशी आणखी कमी. केबल कारने जाणार असलात तरी या बसच्या परतीच्या वेळांचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. वारा सुटला की हाच कागद कामाला येतो.

तिसरा, गाडी. एक रस्ता त्रापानीच्या अंगाने वर चढतो, दुसरा व्हाल्देरिचेच्या बाजूने. पहिल्यावर अवघड वळणं जास्त आहेत. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर व्हाल्देरिचेचा रस्ता धरा. गावात गाडी न्यायची नाही. आतले रस्ते रहिवाशांपुरते राखीव आहेत, कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीमार्फत घरी येते, वर कंपनीचं सेवाशुल्क वेगळं. पोर्ता त्रापानी या वेशीबाहेर गाडी लावा. निळ्या रेषा म्हणजे पैसे भरायचे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे आपल्यासाठी नाहीत. मोसमात साडेदहानंतर जागा मिळणं कठीण. तसं झालं तर गाडी खाली केबल कारच्या स्टेशनाशी लावून डब्यातून वर जा, चिडचिड वाचते.

चौथा पर्याय पायी. कासा सान्ताच्या बाजूने सान्त-आन्नाच्या देवळावरून, म्हणजे चर्चवरून, जुनी पायवाट वर जाते. चढ जवळपास ७०० मीटरचा, म्हणजे राजगड-तोरण्याची सवय असलेल्यांना दोन ते अडीच तास पुरे. वाटेत सावली फारशी नाही आणि पाणी मिळेल असं धरू नका. माणशी दीड लिटर घ्या. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हा बेत सकाळी सातच्या आत सुरू करता येत नसेल तर सोडून द्या. कोरड्या उन्हाळ्यात या उतारांवर वणवे लागतात, तशी सूचना असेल त्या दिवशी वाटेला जाऊच नये. चढ पायी आणि उतार केबल कारने, हा सगळ्यात शहाणा मेळ.

बरोबर काय घ्यायचं

रबरी, न घसरणाऱ्या तळव्यांचे बूट ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एरिचेच्या गल्ल्यांची फरसबंदी बघण्यासारखी आहे: लांबट गुळगुळीत दगडांच्या पट्ट्यांनी चौकोन आखलेले आणि त्या चौकोनांत लहान खडे घट्ट बसवलेले. शेकडो वर्षांच्या वापराने पट्ट्या काचेसारख्या झाल्या आहेत. धुकं उतरलं की त्यांवर ओल धरते आणि चपला घातलेला माणूस उतारावर सरळ खाली बसतो. ओल्या दिवशी पाऊल पट्टीवर न टाकता मधल्या खड्यांवर टाकायचं. लहान मुलांची ढकलगाडी इथे निरुपयोगी आहे, बाळ पाठीवर घ्यायची पिशवी आणा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी काठी जरूर घ्यावी. चाकाच्या खुर्चीवरून वेशीजवळचा थोडा भाग आणि देवळाचा परिसर मदतीने जमू शकेल, पूर्ण फेरी नाही.

याशिवाय ऑगस्टमध्येही एक पातळ वाराविरोधी जाकीट, पाण्याची बाटली आणि वीस-तीस युरो सुट्टे. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण छोट्या दुकानात आणि देवळाच्या तिकिटाला सुटे पैसे असले की काम पटकन होतं. स्वच्छतागृह केबल कारच्या स्टेशनात आहे, त्याचा लाभ वर पोचल्या पोचल्याच घ्या. गावात शोधत बसावं लागतं.

गाव बघण्याचा क्रम

एरिचे त्रिकोणी आहे. नैऋत्येच्या कोपऱ्यात पोर्ता त्रापानी ही वेस, आग्नेयेला किल्ला, उत्तरेच्या टोकाला पोर्ता स्पादा. आलेले लोक वेशीतून शिरून सरळ मुख्य रस्त्याने, म्हणजे विया व्हित्तोरियो एमानुएलेने वर चढतात आणि दुकानांतच अडकतात. तसं करू नका. सूर्याच्या हिशोबाने चला: सकाळी ऊन पूर्वेकडून येतं तेव्हा पश्चिमेकडचं दृश्य, म्हणजे त्रापानी, मिठागरं आणि एगादी बेटं उजळलेली असतात, पूर्व-ईशान्येचा मोन्ते कोफानो हा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचा समुद्र दुपारनंतर खुलतो. म्हणून सकाळ पश्चिमेला, दुपार पूर्वेला.

साडेनऊला वर पोचलात असं धरू. वेशीत शिरण्याआधी बाहेरच्या कठड्यावरून खाली बघून घ्या. तीन बेटं मोजा: जवळची फाविन्याना आणि लेवान्झो, मागे दूर मारेत्तिमो. याच पाण्यात ख्रिस्तपूर्व २४१ मध्ये रोमन आरमाराने उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या सत्तेचा पराभव केला आणि पहिलं प्युनिक युद्ध संपलं. त्या वेळी या डोंगरावर कार्थेजचा सेनापती हामिल्कार बार्का, म्हणजे पुढे रोमवर चालून गेलेल्या हॅनिबलचा बाप, सैन्यासह ठाण मांडून बसला होता. समुद्रातली लढाई हरल्यावर त्याला लढाईविनाच डोंगर सोडावा लागला. त्या लढाईतल्या जहाजांच्या, शत्रूच्या जहाजाला धडक द्यायला पुढे बसवलेल्या, ब्राँझच्या चोची गेल्या काही वर्षांत समुद्रतळातून काढल्या आहेत. काही फाविन्यानात बघायला मिळतात.

वेशीतून आत आल्यावर डावीकडे वळा. दोन मिनिटांत मुख्य देऊळ, म्हणजे गावचं मोठं चर्च, त्यासमोर सुटा उभा घंटामनोरा. मनोरा मुळात टेहळणीचा होता. देवळाची उभारणी १३१४ ची, आरागोनच्या घराण्यातल्या राजा फेदेरिकोच्या काळातली, आणि परंपरा सांगते की दगड व्हीनसच्या मोडक्या देवळातले. बाहेरच्या भिंतीत नऊ क्रूस बसवलेले आहेत ते शोधा. आतलं पांढरं नक्षीकाम बघून चौदाव्या शतकाला दाद द्यायला जाऊ नका, ते एकोणिसाव्या शतकातल्या पुनर्बांधणीतलं आहे. तिकीट घेताना सगळ्या देवळांचं एकत्रित तिकीट विचारा. फक्त मनोरा आणि हे देऊळ एवढंच बघणार असाल तर मात्र ते घेण्यात अर्थ नाही. मनोऱ्याचा जिना अरुंद आणि गोल आहे, उतरणारे आणि चढणारे एकमेकांना अडतात. म्हणून उघडल्या उघडल्या चढा. ढग असेल तर मनोऱ्याचे पैसे वाचवा.

इथून पश्चिमेची तटबंदी धरून उत्तरेकडे चालत राहा. गावातला हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी गर्दीचा भाग. भिंतीचा खालचा थर बघा: प्रचंड, ओबडधोबड शिळा, चुन्याशिवाय रचलेल्या. हे काम एलिमियन लोकांचं, म्हणजे पश्चिम सिसिलीतल्या प्राचीन रहिवाशांचं, रोमनांच्याही आधीचं. त्यावर कार्थेजच्या काळातली डागडुजी आणि सगळ्यात वर मध्ययुगातले लहान घडीव दगड. काही शिळांवर फिनिशियन, म्हणजे कार्थेजवाल्यांच्या लिपीतली, अक्षरं कोरलेली आहेत. झिजलेली असल्याने तिरप्या उन्हातच दिसतात. पोर्ता कार्मिने आणि मग पोर्ता स्पादा या दोन वेशी लागतात. त्यापुढे उत्तरेच्या टोकाला ‘स्पॅनिश वसाहत’ म्हणून ओळखली जाणारी इमारत आहे. तिथून खाली बघितलं की मोन्ते कोफानोकडे जाणारा किनारा समोर येतो.

परत येताना मुद्दाम गावाच्या मधल्या गल्ल्यांत शिरा. इथे हरवणं अवघड आहे: चढ लागला तर किल्ल्याकडे, उतार लागला तर वेशीकडे. काही बोळ एका वेळी एकच माणूस जाईल इतके चिंचोळे आहेत. घरांच्या भिंती बाहेरून कोऱ्या, दारं बंद. सगळा थाट आतल्या चौकात असतो. दार उघडं असेल तर बाहेरून डोकवायला हरकत नाही, आत शिरून फोटो काढू नका. वाटेत जुने मठ लागतात. त्यांपैकी काहींमध्ये १९६३ मध्ये स्थापन झालेलं एत्तोरे मायोराना वैज्ञानिक केंद्र आहे. परिषद चालू असेल तेव्हा गळ्यात बिल्ला अडकवलेले भौतिकशास्त्रज्ञ मिठाईच्या दुकानापुढे रांगेत दिसतात.

चित्र-शिल्पांची आवड असेल तर कोर्दिची संग्रहालयात आन्तोनेल्लो गाजिनीचं १५२५ मधलं संगमरवरी शिल्प आहे, देवदूत आणि मारियाचं. त्यासाठी अर्धा तास पुरतो. आवड नसेल तर हा टप्पा गाळलात तरी बिघडत नाही.

किल्ला दुपारी तीननंतर. व्हीनसचा किल्ला म्हणतात तो नॉर्मन राज्यकर्त्यांनी बाराव्या शतकाच्या सुमारास बांधला, पण ज्या कड्यावर तो आहे त्याची महती फार आधीची. आधी फिनिशियन आस्तार्ते, मग ग्रीक अफ्रोदिती, मग रोमन व्हीनस, अशी देवता बदलत गेली आणि जागा तीच राहिली. रोमला हॅनिबलचा धाक बसला तेव्हा ख्रिस्तपूर्व २१५ मध्ये खुद्द रोममध्ये एरिचेच्या व्हीनसचं देऊळ उभारलं गेलं, इतका या डोंगराचा दरारा. आत आज देऊळ असं काही नाही: मोडक्या भिंती, जमिनीतले काही अवशेष आणि एक विहीर. तिकिटाचे युरो कड्यावरच्या दृश्यासाठी द्यायचे. त्यामुळे ढगात वेढलेला किल्ला असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. शेजारची बालियोची बाग फुकट आहे आणि तिच्या कठड्यावरून खाली झाडीत पेपोली घराण्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेली छोटी गढी दिसते. तिचा फोटो दुपारच्या उन्हातच चांगला येतो.

खाणं

एरिचेला येऊन ‘जेनोवेझे’ न खाता जाणारा माणूस विरळा. ही मुठीएवढी गोल पेस्ट्री: रवाळ दुरुम गहू आणि मैद्याचा खुसखुशीत पापुद्रा, आत लिंबाच्या वासाचं दुधाचं कस्टर्ड, वरून पिठीसाखर. भट्टीतून नुकती निघालेलीच घ्या. काउंटरवर विचारलंत की कोणती गरम ते सांगतात. तापलेलं कस्टर्ड जीभ पोळतं. आधी कडेला छोटा चावा घेऊन वाफ जाऊ द्या, दोन मिनिटं थांबा आणि खाताना श्वास आत ओढू नका, पिठीसाखर घशात जाऊन ठसका लागतो. थंड झालेली पेस्ट्री बांधून नेण्यात मजा नाही. बांधून न्यायची तर बदामाची मिठाई न्या. इथले बदामाचे प्रकार मुळात मठातल्या नन्सच्या हातचे. सायट्रॉनचा, म्हणजे महाळुंगाचा, मुरंबा भरलेले गोळे चार-पाच दिवस सहज टिकतात. ‘मुस्ताच्चोली’ ही बिस्किटं मात्र दगडासारखी कडक असतात, ती वाइनमध्ये किंवा चहात बुडवूनच खायची.

शाकाहारी मंडळींनी इथे नीट विचारावं. जेनोवेझेत अंड्याचा बलक असतोच, आणि काही ठिकाणी पापुद्र्यात डुकराची चरबी वापरतात. विचारायचं ते असं: ‘चे स्त्रुत्तो?’ बदाम आणि साखरेची ‘मार्तोराना’ फळं बहुधा निर्धोक. जेवणात ‘बुसियाते आल पेस्तो त्रापानेझे’ मागा: पिळदार पास्ता, बदाम, टोमॅटो, लसूण आणि तुळशीच्या जातीच्या बेसिलची चटणी. त्यावर चीज नको असेल तर आधीच ‘सेन्झा फोर्माज्जो’ सांगा. ‘पाने कुन्झातो’ या भरलेल्या पावात टोमॅटो, चीज, ओरेगानो असतं, पण त्यात खारवलेली अँचोव्ही मासळी घालायची रीत आहे. ‘सेन्झा आच्चूगे’ म्हटलं की काढतात. कुसकुस इथलं वैशिष्ट्य असलं तरी त्याचा रस्सा माशाचा असतो. वेटर ‘भाजीचं आहे’ म्हणाला तरी रस्सा कशाचा ते विचाराच.

स्वयंपाकघरं साधारण साडेबारा ते अडीच चालू असतात. अडीचला पोचलात तर सँडविचवर भागवावं लागेल. दुकानंही दुपारी बंद होतात. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो, ती फसवणूक नाही, रीत आहे. कॉफी उभ्याने काउंटरवर प्यायली तर स्वस्त, चौकातल्या खुर्चीत बसलात की त्याच कपाचे पैसे वाढतात. खरेदीत कापडाच्या पट्ट्या विणून केलेले रंगीत गालिचे इथले खास; मागावर विणलेला असेल तर मागची बाजूही पुढच्याइतकीच नीट दिसते. ती उलटून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

उतरताना

संध्याकाळचं सूर्यास्ताचं गणित मोसमावर आहे: जूनअखेर साडेआठच्या सुमारास, डिसेंबरात पाचच्या आतच. त्रापानीत मुक्काम असेल तर सूर्यास्त वरूनच बघा, पश्चिमेच्या कठड्यावरून, आणि केबल कारच्या शेवटच्या डब्याच्या किमान पाऊण तास आधी रांगेला लागा. सगळ्यांना शेवटचेच डबे हवे असतात.

केबल कार थांबली तर घाबरून पायी उतरायला निघू नका. अंधारात ती वाट धोक्याची. आधी पोर्ता त्रापानीच्या बस थांब्यावर जा आणि सकाळी काढलेला वेळापत्रकाचा फोटो बघा. बस नसेल तर टॅक्सी. गर्दीत अडकलेले आणखी लोक असतातच, चौघांनी मिळून केली की माणशी भाडं परवडतं. चढण्यापूर्वी रक्कम ठरवून घ्या. वाऱ्यामुळे बंद झाल्यास परतीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात का, ते तिकीट घेतानाच विचारलेलं बरं.

पालेर्मोला त्याच रात्री परतणाऱ्यांनी मिठागरांचा मोह टाळावा. नुबियाची मिठागरं आणि पवनचक्क्या त्रापानीच्या दक्षिणेला आहेत, केबल कारच्या नेमक्या उलट दिशेला, आणि सार्वजनिक वाहनाने दोन्ही एका दिवशी करायला गेलं की शेवटची बस चुकते. स्वतःची गाडी असेल तर गोष्ट वेगळी: सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी एरिचेतून निघा, व्हाल्देरिचेच्या रस्त्याने उतरा आणि सूर्यास्ताला मिठागरांवर पोचा. रोहित पक्षी दिसले तर बांधावरूनच बघा, ही राखीव जागा आहे. संध्याकाळी डास फार असतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट गाडीत ठेवलेला असू द्या.